उलटली तर हाती काय?

पहिल्या खेपेला मी कयाकवर २३ वस्तू चढवल्या होत्या. मोजणी माझी नाही. उजनी धरणाच्या काठावर, कुगावला जाळं झटकत बसलेल्या एका मामांनी ती केली, मोठ्यानं आणि बोटं दुमडत. तीन गळाच्या काठ्या, रिळांची पेटी, पाण्याखालचं दाखवणारं सोनार, त्याची बॅटरी, बर्फाचा डबा, घडीचा नांगर, दोन कॅमेरे, एक छत्रीसुद्धा. मोजून झाल्यावर म्हणाले, "पावणं, मुक्कामाला निघालाय का मासं धरायला?"

मामांची स्वतःची होडी म्हणजे चप्पू. थर्माकोलच्या जाड लाद्या एकावर एक रचायच्या, वरून प्लॅस्टिकचं कापड घ्यायचं आणि दोरीनं करकचून आवळायचं. माणूस मांडी घालून बसला की होडी भरली. त्यात जाळ्याचा ढीग, वल्ह्यासारख्या हातभर फळ्या, वरून कापलेला तेलाचा डबा, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. एकूण पाच. मी मनातल्या मनात हसलो होतो, हेही सांगून टाकतो.

वीसेक मिनिटांत मी पाण्यात होतो. निमित्त इतकंच, की पाठीमागे उभी केलेली दुसरी काठी घ्यायला मी कमरेतून वळलो. पाणी छातीएवढंच होतं, त्यामुळे जिवावर काही बेतलं नाही. सामानावर मात्र बेतलं. वल्हं हातातच होतं म्हणून राहिलं. मागचं सामानाचं क्रेट उपडं होऊन दहा फुटांवर तरंगत होतं आणि त्याच्या पोटातलं सगळं खाली गेलं होतं. बॅटरी चिखलात रुतली ती रुतलीच. मोबाइल पँटच्या खिशात भिजून गार. काही न करता तरंगत राहिली ती पाण्याची अर्धी रिकामी बाटली.

तेव्हापासून कयाकवर काय न्यायचं याचा विचार मी एकाच प्रश्नानं करतो: उलटली तर ही वस्तू कुठे असेल? अंगावर, होडीला बांधलेली, की तळाशी? तळाशी जाणार असेल आणि गेली तर जीव चुटपुटणार असेल, तर ती सोलापुरात घरीच बरी.

कयाक ही मुळात शिकाऱ्याची होडी. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवर इनुइट लोकांनी वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं शिवलं, आणि एका माणसाच्या कमरेच्या मापाचं भोक ठेवलं. त्या शिकाऱ्याचं सामान बघण्यासारखं आहे. भाला होडीच्या पाठीवरच्या कातडी पट्ट्यांखाली, उजव्या हाताला. भाल्याची दोरी समोरच्या छोट्या घडवंचीवर वेटोळं घालून. पाठीमागे अख्ख्या सीलच्या कातड्याचा फुगवलेला फुगा, भाल्याच्या दोरीला जोडलेला, म्हणजे मारलेली शिकार बुडू नये. अंगात कातड्याचा डगला, तोही होडीच्या तोंडाला असा आवळलेला की उलटलं तरी पाणी आत शिरू नये आणि वल्ह्याच्या एका फटक्यात पुन्हा सरळ होता यावं. त्या थंड पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण, त्यामुळे सगळी मांडणी उलटल्यानंतरचा विचार करूनच केलेली. माझा प्रश्न नवा नव्हता तर.

आज मासेमारीसाठी वापरतात ती बहुधा वर बसायची कयाक. तिला आत शिरून बसायची पोकळी नसते. बंद प्लॅस्टिकच्या कवचावर खोलगट बैठक असते आणि आलेलं पाणी भोकांतून आपोआप खाली निचरतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात टिम निमियर या माणसानं हा घाट रूढ केला. ती सहसा बुडत नाही, पण उलटते, आणि उलटली की तुम्ही तिच्यात अडकत नाही, बाहेर फेकले जाता. दहा-बारा फुटांची, २५ ते ३५ किलोंची ही होडी जीपच्या टपावर सहज बसते.

हवा भरायची कयाक घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. ती स्वस्त आणि घडी घालून कपाटात ठेवता येणारी, हे खरं. पण उजनीचा काठ वेड्या बाभळीनं भरलेला आहे. तिचे काटे चपलेच्या तळव्यातून आरपार येतात, आणि पाणी हटलं की वाळलेल्या फांद्या गाळात तशाच पडून राहतात. पुण्यातल्या एका मित्राची फुगवायची होडी पाण्यापर्यंत पोचण्याआधीच सुस्कारा टाकून बसली. आमच्या भागाला टणक प्लॅस्टिकच बरं. आणि पायात स्लिपर नको. गाळ ती ओढून घेतो. मागे पट्टा असलेली सँडल हवी.

आता या पाण्याबद्दल. सोलापूरचा माणूस सकाळी पेपर उघडून आधी उजनीची टक्केवारी बघतो. भीमेवरचं हे धरण माढा तालुक्यात, टेंभुर्णीजवळ, १९८० साली पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३.६५ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३.५७ टीएमसीची. म्हणून उजनी 'मायनस'मध्ये जाते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना आपलंच डोकं गरगरतं. २०२४च्या जूनमध्ये ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास होती, आणि ऑगस्टमध्ये भरली.

कयाकवाल्यासाठी यातली खरी गोम वेगळी आहे. शून्य टक्क्याची पातळी ४९१.०३ मीटर, शंभर टक्क्यांची ४९६.८३. फरक फक्त ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. एवढ्याशा उंचीत ५३ टीएमसी मावतं याचा अर्थ पाणी पसरट आहे. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांच्या सपाट रानांवर ते पसरलेलं आहे आणि त्याखाली जुनी गावं आहेत. पाणी ओसरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो. एरवी त्या भिंती, विहिरींचे कठडे आणि झाडांचे सांगाडे दोन-चार हातांवर दडून असतात. मासे तिथेच असतात. नांगरही तिथेच अडकतो.

सोनार विकत घेतलं ते याचसाठी. पडद्यावर खोली आणि माशांच्या कमानी दिसतात, आणि दिसतात म्हणून माणूस पाण्याकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघत बसतो. बॅटरी बुडाल्यावर मी ते पुन्हा जोडलं नाही. आजची टक्केवारी किती आणि अमुक गावचं मंदिर किती दिसतंय, एवढं काठावर विचारलं की खोलीचा अंदाज येतो. अनोळखी तलावात, जिथे विचारायला कोणी नाही, तिथे सोनार कामाचं आहे. हिप्परग्याच्या एकरुख तलावावर किंवा उजनीवर त्याची गरज मला तरी वाटत नाही. शौक असेल तर गोष्ट निराळी.

अंगावर काय असावं, हा प्रश्न २१ मे २०२४ नंतर या भागात कोणी हसण्यावारी नेत नाही. त्या संध्याकाळी कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सातजण होते. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण गेले. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक वर्षानुवर्षं पाण्यातून जात-येत होते. वैशाखातला वळवाचा वारा दुपारनंतर कुठून उठेल सांगता येत नाही, आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावरून तो धावत आला की समुद्रासारख्या लाटा उठवतो.

तेव्हा लाइफ जॅकेट. ते होडीत ठेवायचं नसतं, घालायचं असतं. उलटलेल्या होडीजवळ पाण्यात राहून जॅकेट घालायचा प्रयत्न कमरेएवढ्या पाण्यात एकदा करून बघा, मग खात्री पटेल. जॅकेटवर ५० न्यूटन, १०० न्यूटन असे आकडे असतात. ५० म्हणजे अंदाजे पाच किलोंची उचल. पोहता येणाऱ्याला, शुद्धीवर असणाऱ्याला आणि मदत जवळ असताना पुरेशी. १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ते बेशुद्ध माणसाचं तोंडही आकाशाकडे वळवायचा प्रयत्न करतं. गळ टाकायला हात मोकळे लागतात म्हणून मासेमारीवाले ५०चं पसंत करतात. मी पसंत केलं ते पाठीकडचा फोम वर सरकवलेलं, कारण साधं जॅकेट बैठकीच्या पाठीला लागून सारखं कानांपर्यंत चढत होतं. घेताना परीक्षा सोपी: घालून पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. हनुवटीवर आलं तर माप चुकलं. पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांत मिळतात ती नारंगी जॅकेटं पाहिलीत ना, क्लिप तुटलेली, एकाच मापाची? त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

जॅकेटला दोन गोष्टी बांधलेल्या: शिट्टी आणि चाकू. शिट्टी अशासाठी, की वाऱ्यात हाक दोन शेतांपलीकडे जात नाही, शिट्टी जाते. तिच्यात वाटाणा नसावा. भिजला की अडकतो. चाकू मात्र माशासाठी नाही. उजनीत जाळी सगळीकडे. पारदर्शक तंगूसाची ती जाळी संधिप्रकाशात दिसतच नाहीत. वर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे एवढीच त्यांची खूण. वल्हं अडकलं तर एक वेळ निघतं, पाण्यात पडलेल्या माणसाचा पाय अडकला तर चाकूच हवा, आणि तो एका हातानं निघेल असा छातीवर हवा. क्रेटमधला चाकू उलटल्यावर तळाशी गेलेला असतो. एक मात्र ध्यानात ठेवा: आपला गळ दुसऱ्याच्या जाळ्यात अडकला तर कापायचा तो आपला दोरा, त्याचं जाळं नाही. आपला गळ दहा-वीस रुपयांचा, त्याचं जाळं म्हणजे घर. आधीच सकर माशानं या लोकांचा जीव मेटाकुटीला आणला आहे. दक्षिण अमेरिकेतला हा काटेरी मासा मत्स्यालयांतून कसाबसा इथवर पोचला. खायला कोणी घेत नाही आणि जाळं फाडून ठेवतो.

बांधण्याचं शास्त्र मला उशिरा कळलं. उलटल्यानंतरच्या रविवारी मी प्रत्येक वस्तूला दोरी लावली आणि होडीत कोळ्याचं जाळं तयार झालं. पुन्हा पाण्यात पडलो असतो तर माझ्याच दोऱ्यांत गुंतलो असतो. आता दोरी फक्त तिघांना: वल्ह्याला, काठीला आणि क्रेटला. वल्ह्याची महत्त्वाची, कारण वारा होडीला तुमच्यापासून आणि वल्ह्याला होडीपासून तोडतो. काठ्याही दोनच. एक हातात, एक मागच्या खोबणीत. आणि ती खोबण अशी, की कंबर न वळवता हात पोचावा. वजनाचं गणितही इथेच सांगतो. होडी १५० किलो पेलते असं कंपनी म्हणते तेव्हा १०५पर्यंतच भरावं, असा जाणकारांचा ठोकताळा. पहिल्या दिवशी मी आणि सामान मिळून त्या आकड्यातच होतो. नडलं ते सामानाचं वजन नव्हे, त्याची उंची. रचून ठेवलेली वस्तू डुलते, आणि मागे ठेवलेली वस्तू माणसाला वळायला लावते.

क्रेटची गंमत अशी, की परदेशात कयाकवाले दुधाच्या बाटल्यांचं चौकोनी क्रेट बैठकीमागे बांधतात आणि त्यावर चर्चा झोडतात. आपल्याकडे डाळिंबाचं क्रेट आहे. सांगोल्या-पंढरपूरकडे कुठल्याही बांधावर पडलेलं असतं. जाळीदार, हलकं, पाणी साठत नाही, आणि कडेला काठीसाठी प्लॅस्टिकचा पाइप तारेनं आवळता येतो. माझं लाल आहे, आणि त्यावर एका बागाईतदाराच्या नावाची आद्याक्षरं अजून आहेत. त्यात एक पक्कड, गळांची एकच डबी, आणि रिकामी गोळ्यांची बाटली. बाटली तुटक्या तंगूसासाठी. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चित्रबलाक वर्षभर असतात. पाण्यात टाकलेला दोरा त्यांच्या पायाला बसला की सुटत नाही.

पक्कड हवीच. चिलापीच्या पाठीवरचे काटे हाताला लागतात, शिंगाळ्याचे तर दिवसभर ठणकतात. पक्कडीनं गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकावा. मासा थोडा जास्त सुटतो, पण आपल्या बोटात शिरलेला गळ तरी निघतो. आणि एक टॉवेल. सोलापूरकरानं टॉवेलबद्दल बाहेरच्याचं ऐकू नये. टेरी टॉवेल ओला करून मासा धरला की निसटत नाही, उन्हात डोक्यावर घेतला की टोपीची गरज नाही, आणि माघारी येताना पाय पुसायला तोच.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली, आणि आता उजनीच्या जाळ्यांत बऱ्याचदा तीच भरलेली असते. तिला गांडूळ चालतं, कणकेचा गोळा चालतो. रोहू-मृगळासाठी कणकेत पेंड मिसळतात. आमिषाचा हा खटाटोप आपल्या भागाला नवा नाही. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याची राजधानी होती. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे: माशांच्या जाती, कोणाला कसलं खाद्य, काठी, दोरा आणि गळ. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हा मासेमारीच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. राजाला सामान उचलायला माणसं होती, हा आमच्यातला फरक.

नांगराची फजिती अजून सांगितली नाही. दीड किलोचा घडीचा नांगर मी बैठकीजवळच्या कडीला, म्हणजे होडीच्या कुशीला बांधला होता. वारा आला, दोरी ताणली आणि होडी लाटांना आडवी झाली. प्रत्येक लाट मांडीवर. कयाकचा नांगर नेहमी टोकाला, पुढच्या नाहीतर मागच्या. पण टोकापर्यंत बसल्या जागेवरून हात पोचत नाही, म्हणून कडेनं पुढून मागे फिरणारी दोरी आणि दोन कप्प्या लावतात. कडी हवी तिकडे सरकवायची. माझ्या कप्प्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या. दोरी खोलीच्या तिप्पट तरी सोडावी, आणि होडीकडची गाठ एका हिसक्यात सुटणारी असावी. बैल दाव्याला बांधणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. तो नांगर पुढे एका बुडालेल्या भिंतीत अडकला आणि तिथेच राहिला. आता उथळ पाण्यात आठ फुटी बांबू गाळात रोवतो आणि खोल पाण्यात जाळीच्या पिशवीत दगड सोडतो. पिशवी अडकली तर अडकली. मामाही तेच करतात, पण दगड शोधायला मला दोन हजारांचा नांगर हरवावा लागला.

खाण्याचं सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चार दिवस टिकते, उन्हात आंबत नाही, दोन्ही पिशव्यांत घट्ट बांधली तर उलटली तरी कुरकुरीत राहते. पाणी मात्र तीन लिटरच्या खाली नको. चैत्रानंतर इथला पारा ४२-४३ला टेकतो आणि पाण्यावर ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. मोबाइल पारदर्शक पिशवीत, पिशवी गळ्यात. संध्याकाळ होणार असेल तर विजेरी. वल्ह्याच्या होडीनं समोरून कोणी आलं तर वेळेत दाखवायला पांढरा दिवा हाताशी ठेवावा, असं समुद्रावरचे आंतरराष्ट्रीय नियमही सांगतात. आणि निघण्याआधी दोन गोष्टी ज्यांचं वजन शून्य: मासेमारीची परवानगी आहे का याची चौकशी, आणि किती वाजता परतणार हे काठावरच्या कोणाला तरी सांगणं. उलटलेली कयाक सरळ करून तिच्यावर पुन्हा चढायचा सरावही त्यातच. पाय पाण्यात मारत आडवं होऊन पोटावर घसरायचं, मग उताणं, मग बसायचं. काठाजवळ दहा वेळा केलं की अंगवळणी पडतं. गावातली पोरं जमतात बघायला, जमू द्यावं.

जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर, हा मामांचा नियम. दमलेले दंड परतीला वाऱ्याशी झुंजू शकत नाहीत. गेल्या खेपेला पहाटे साडेपाचला निघालो आणि पश्चिमेला ढग जमायला लागले तसा दहाच्या आत वळलो. मामा आधीच काठावर. या वेळी त्यांनी मोजलं तेव्हा अंगावरचं धरून अकरा भरलं. "निम्म्यावर आलाय," म्हणाले.

क्रेटमध्ये दोन चिलापी होत्या, तळहाताएवढ्या. मामांनी वाकून बघितलं, काही बोलले नाहीत. जाळ्यातून दीड-दोन किलोंचा रोहू काढला आणि माझ्या क्रेटमध्ये टाकला. पैसे काढायला मी गळ्यातली मोबाइलची पिशवी उघडत होतो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ. रिकामं क्रेट घेऊन जातंय व्हय कुनी घरी?" रोहूची शेपटी क्रेटच्या कडेवरून बाहेर आली होती. टेंभुर्णीपर्यंत ती ओल्या टॉवेलखाली अधूनमधून हलत होती.